गंगथडीला नव्यानं राहायला आलात? पुराचा इशारा कसा वाचायचा, घर कधी सोडायचं

माझं माहेर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. तिथं पाण्याची एकच काळजी ठाऊक होती: येईल का, आणि आलं तर किती दिवस पुरवायचं. टँकरचा हॉर्न ऐकला की हंडे घेऊन पळायचं, रांजण भरायचा, आंघोळीचं पाणी परसातल्या झाडाला घालायचं. 2005 साली लग्न होऊन गोदाकाठच्या गावात आले तेव्हा दारातून नदी दिसते याचंच अप्रूप वाटायचं. पुढच्याच वर्षी, 2006 च्या ऑगस्टमध्ये, ती नदी रात्रीची अंगणात आली. वर पैठण शहरात पाणी शिरलं होतं, खाली नांदेडला शिरलं होतं आणि मधल्या पट्ट्यातली आमच्यासारखी गावं अंधारात लेकरं काखेला मारून चढाकडं पळत होती. माझ्या हाताला लागला पिठाचा डबा. कागदांची पेटी पलंगाखालीच राहिली.

मराठवाड्यातल्या माणसाला पाणी साठवायचं वळण लहानपणापासून असतं. पाण्यापुढून निघून जायचं वळण नसतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरकरांनी त्याच वर्षी पावसाळा सरताना मांजरा धरण भरलेलं पाहिलं. दोन्ही गोष्टी आपल्याच मुलखातल्या, पण दुसरीची तयारी आपल्या घरात कुणी शिकवत नाही. बदलीवर आलेले शिक्षक, तलाठी, बँकेतली पोरं, काठाच्या गावात दिलेल्या नव्या सुना, नदीलगतच्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलेली कुटुंबं यांना तर शेजारीही सांगत नाहीत, कारण शेजाऱ्यांना वाटतं हे सगळ्यांना माहीतच असणार. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी समुद्राकडं बघा

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. तरी बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळाची बातमी टीव्हीवर लागली की चॅनल बदलू नका. 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरला, पण पाऊस ओसरला नाही. तेलंगणावरून ते मराठवाड्यावर आलं आणि 27-28 सप्टेंबरला बीड, लातूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), नांदेड, सगळीकडं नद्या पात्र सोडून धावल्या. धनेगावच्या मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. मांजरा-तेरणेच्या काठी अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं काढलं. त्याच वादळाचा उरलेला भाग पुढं अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाला आणि ओमानला जाऊन धडकला. आपण त्याच्या वाटेवर होतो.

हवामान विभाग चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देतो. पहिले तीन किनाऱ्यासाठी असतात: साधारण 72 तास आधी, मग 48 तास, मग 24 तास. चौथा वादळ जमिनीला लागायच्या किमान 12 तास आधी निघतो आणि त्यात ते आत सरकताना कुठल्या जिल्ह्यांना झोडपेल हे सांगितलेलं असतं. आपल्या कामाचा तो. किनाऱ्यावरच्या माणसाला वाऱ्याची भीती, आपल्याला त्यामागच्या पावसाची. किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत यायला वादळाच्या अवशेषाला एखादा दिवस लागतो. हा दिवस मोलाचा आहे.

सप्टेंबरचं महत्त्व यासाठीच. जूनचा पहिला पाऊस भेगाळलेली काळी माती पिऊन टाकते, जुलैचा धरणं पितात. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टअखेर धरणं काठोकाठ असतात, माती तुडुंब असते, आणि तेव्हा आलेल्या पावसाला नदीशिवाय जागा उरत नाही. 2025 च्या सप्टेंबरअखेरही हेच झालं. पैठणच्या जायकवाडी धरणातून सोडलेलं पाणी 3 लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला तीन लाख घनफुटांच्या, घरात गेलं.

तुमच्या दाराशी कोणतं पाणी येतं ते विचारा

नव्या गावात बिऱ्हाड लावलं की पहिल्या आठवड्यात दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना गाठा आणि एवढंच विचारा: “इथं पाणी कुठून येतं?” उत्तरावर तुमची सगळी तयारी ठरते.

पहिलं धरणाचं पाणी. पैठण ते नांदेड गोदाकाठच्या गावांना मुख्य भीती याची. हे सांगून येतं. नाशिकला पाऊस झाला की गंगापूर, दारणा भरतात, नांदूर मधमेश्वरातून पाणी सुटतं, तिकडून प्रवरा-मुळेचं येऊन मिळतं, सगळं नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, जमतं आणि मग पैठणचे दरवाजे उघडतात. आमचे सासरे पेपरात नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते आधी वाचायचे, मग आपल्या तालुक्याची बातमी. पैठणहून सुटलेलं पाणी नांदेडला त्याच दिवशी पोचत नाही. वाटेत हिरडपुरी, राजाटाकळी, ढालेगाव, मुद्गल, डिग्रस असे बंधारे आहेत. त्यामुळं वेळ मिळतो. फसगत होते ती वेगळ्याच गोष्टीनं: आपल्याकडं लख्ख ऊन असतं, सोयाबीनची फवारणी चालू असते, आणि नदी चढत असते. आपल्या जिल्ह्याला कुठल्याही रंगाचा इशारा नसताना गोदावरीला पूर येऊ शकतो. आभाळाकडं बघून नदीचा अंदाज बांधू नका.

दुसरं ओढ्याचं पाणी. हे सांगत नाही. डोंगराच्या पायथ्याशी, लहान नद्यांच्या काठी दोन तासांच्या पावसात हे येतं, आणि बहुतेक वेळा रात्री. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव भागात रात्रीतून गावात पाणी भरलं, माणसं झोपेत सापडली. तुमचं गाव अशा जागी असेल तर धरणाच्या आकड्यांवर विसंबून चालणार नाही. जोराचा पाऊस सांगितलेल्या रात्री उंचावरच्या नातेवाइकाकडं झोपायला जाणं हाच उपाय.

तिसरं फुगवट्याचं पाणी, आणि नवख्या माणसाला हे सगळ्यात उशिरा समजतं. पुढं जागा नसली की पाणी उलटं चढतं. धर्माबाद, बिलोलीकडं तेलंगणातलं पोचमपाड म्हणजे श्रीराम सागर धरण भरलं की नदी खालून फुगत येते. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर वरच उचललेले असतात, त्यामुळं ते उघडून पाणी उतरवू असं म्हणायला तिथं काही उरत नाही. लहान प्रमाणात हेच प्रत्येक काठच्या गावात होतं. गंगा, म्हणजे आपली गोदावरी, चढली की गावामागचा ओढा तिच्यात उतरू शकत नाही, तो मागं सरतो आणि गावाबाहेर पडायच्या रस्त्यावर पसरतो. आमच्या गावात 2006 ला असंच झालं. सगळे नदीकडं तोंड करून बसले होते आणि मागचा फरशी पूल केव्हाच बुडाला होता. समोरचं पाणी घरात शिरायच्या आधी मागची वाट जाते, हे आमच्या गावानं त्या रात्री शिकून घेतलं.

निघायची खूण कोरड्या दिवशी ठरवा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

आमच्या घरासमोर पारावर जुना लिंब आहे. 2006 नंतर सासूबाईंनी त्याच्या बुंध्याला गेरूनं एक आडवी रेघ मारली. पाणी घरात शिरलं होतं ती उंची दाखवणारी ही रेघ नव्हती. तिच्यापेक्षा सहा-सात फूट खाली, जिथं पाणी पोचलं की मागच्या फरशी पुलावर गुडघाभर पाणी असतं, तिथं ती होती. त्या म्हणाल्या, “हितं पाणी लागलं की इचार करायचा न्हाई, कुणाला इचारायचं न्हाई. निघायचं.” घरातला कर्ता पुरुष बाहेरगावी असला तरी निघायचं, स्वयंपाक चुलीवर असला तरी निघायचं.

संकटात माणूस फार वाट बघतो. आजवर इथवर कधी पाणी आलं नाही, अजून एक पायरी चढू दे, शेजारचे निघालेत का बघू. सगळ्यांची नजर एकमेकांवर असते आणि कुणीच हलत नाही. खूण आधी ठरलेली असली की त्या वेळी निर्णय घ्यावाच लागत नाही.

तुमची खूण अशी ठरवा. गावातून बाहेर पडायच्या वाटेवरची सगळ्यात खोलगट जागा शोधा: फरशी पूल, नळकांडी पूल, ओढ्याचा उतार. ती बुडते तेव्हा नदीचं पाणी नेमकं कुठं असतं, हे जुन्या माणसांकडून माहीत करून घ्या. मग त्याच्याही खालची एक ठळक वस्तू निवडा, जी घरातून किंवा गावातल्या उंच जागेवरून दिसते. घाटाची अमुक पायरी, विजेचा अमुक खांब, स्मशानभूमीचा ओटा. ती खूण घरातल्या सगळ्यांना दाखवा, दहा वर्षांच्या लेकरालाही. आणि दुसरी खूण घड्याळाची ठेवा: पूर चढता असेल तर दिवस मावळायच्या आत निघायचं, पाणी खुणेला लागलेलं असो वा नसो. रात्री वीज जाते, पाणी दिसत नाही, साप दिसत नाहीत, आणि होडीवाल्यालाही तुम्ही दिसत नाही.

नांदेड शहरात राहत असाल तर ही खूण तयारच आहे. जुन्या पुलावर गोदावरीची धोक्याची पातळी 354 मीटर धरतात आणि रोजची पातळी बातम्यांत येते. तरी तुमच्या गल्लीत पाणी नेमकं कोणत्या पातळीला शिरतं हे गल्लीतल्यांनाच विचारा. सखल भागात ते त्याआधीही येऊ शकतं.

इशाऱ्याची भाषा

व्हॉट्सअॅपवर येणारा निरोप साधारण असा असतो: अमुक धरणाचे इतके दरवाजे इतके फूट उचलून इतका क्युसेक विसर्ग चालू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं, कुणीही पात्रात उतरू नये. नवखा माणूस दरवाज्यांची संख्या वाचून घाबरतो किंवा निर्धास्त होतो. दोन्ही चूक. जायकवाडीचे अठरा दरवाजे अर्धा-अर्धा फूट उघडले तर जेमतेम साडेनऊ हजार क्युसेक पाणी सुटतं, नदी पात्रातच राहते. म्हणून बघायचा तो क्युसेकचा आकडा, आणि तो मागच्या निरोपापेक्षा वाढतोय की कमी होतोय.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. आपल्याला टँकरचा हिशेब लगेच कळतो, तर तोच करू. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे 283 टँकर तुमच्या गावावरून जाताहेत. तीन लाख म्हणजे साडेआठशे. दर सेकंदाला. एका वहीत तारीख, वेळ, विसर्ग आणि आपल्या घाटावर पाणी कुठं होतं हे टिपत गेलात तर दोन पावसाळ्यांत तुमच्या गावापुरता असा तक्ता तयार होतो, जो कुठल्याही कचेरीत मिळणार नाही. आमच्या घरात ती वही सासऱ्यांनी सुरू केली, आता मी लिहिते.

पावसाच्या इशाऱ्यांचे रंग सगळ्यांना ठाऊक असतात, रंगाला काम जोडलेलं नसतं. आमच्याकडं ते जोडलेलं आहे. यलो अलर्ट आला की फोन, बॅटरी, पॉवर बँक चार्ज, पेटी खाली उतरवून तपासायची, नदीवरची मोटार काढून आणायची. ऑरेंजला जनावरं वरच्या माळावर, म्हातारी माणसं आणि बाळंतीण-गरोदर बाई उंचावरच्या नातेवाइकाकडं. रेडला घरात झोपायचं नाही. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. एका एकरावर 65 मिलिमीटर म्हणजे दोन लाख साठ हजार लिटर, आपले सव्वीस टँकर. तुमच्या ओढ्याला किती एकरांचं पाणी येतं याचा अंदाज यावरून करा.

फोनवर ‘सचेत’ हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अॅप ठेवा, आणि विजांसाठी ‘दामिनी’. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही देतो, ओढ्याकाठच्यांनी तो बघावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची हवामान पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, तीत पुढच्या दिवसांचा जिल्हावार अंदाज असतो. पण रेंज सगळ्यात आधी जाते. म्हणून पोलीस पाटील, कोतवाल, तलाठी आणि वरच्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्याखाली हे चार आकडे: 112 पोलीस व आपत्कालीन मदत, 1077 जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, 108 रुग्णवाहिका, 1912 वीज.

फिरत आलेला ‘धरण फुटलं’चा निरोप पुढं पाठवू नका. 1077 ला फोन लावा, मग बोला.

पेटी

पलंगाखाली राहिलेल्या आमच्या पेटीत माझी बारावीची गुणपत्रिका होती. पाणी उतरल्यावर उघडली तेव्हा कागद एकमेकांना चिकटून लगदा झाला होता, शाई निळ्या डागासारखी पसरली होती, नाव वाचता येत नव्हतं. दुसरी प्रत काढायला पुढं दीड वर्ष खेटे घातले.

आता पेटी नाही, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आहे. आधार, रेशनकार्ड, सातबारा आणि आठ-अ, बँक पासबुक, मुलांचे दाखले, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, जनावरांच्या बिल्ल्यांचे नंबर. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, आणि सगळ्यांचे फोटो दूरच्या एका नातेवाइकाच्या फोनवर पाठवलेले. डबा दाराजवळच्या फळीवर असतो, कपाटात नाही. त्याच्या शेजारी एक पिशवी: टॉर्च, काडेपेटी मेणबत्तीसह पिशवीत गुंडाळलेली, रोजच्या गोळ्या आठवडाभराच्या, थोडे सुटे पैसे, शेंगदाण्याचे लाडू किंवा भाजके चणे-गूळ, पाण्याच्या बाटल्या, एक चादर, सॅनिटरी पॅड, लेकराचं दूध, एक शिट्टी. शिट्टी ओरडण्यापेक्षा लांब ऐकू जाते आणि घसा बसत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यानं ते कोरड्या माठात ओल्या फडक्यानं गुंडाळून कसं न्यायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

एवढंच. भांडीकुंडी, टीव्ही, गादी यांना वर चढवून ठेवा आणि विसरा.

मोटार आणि जनावरं

काठावर माणसं घरात बसून कमी जातात, पात्राकडं गेलेली जास्त जातात. पाणी सुटल्याची बातमी आली की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढं आधी नदीवरची मोटार येते. पाच-साडेसात एचपीची मोटार, केबल, पाइप, स्टार्टर मिळून वर्षाची कमाई तिथं पडलेली असते. माझे सासरे 2006 च्या त्या संध्याकाळी तिकडंच गेले होते. दोरखंड कमरेला बांधून चिखलात उतरले, आणि पाणी मांडीला लागेपर्यंत त्यांना ते चढतंय हेच जाणवलं नाही, कारण ते खाली वाकून नट सोडवत होते. काठावरच्या सालगड्यानं दोर ओढला म्हणून आले. मोटार गेली.

त्यानंतर घरात नियम झाला. मोटार यलो अलर्टला, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून काढायची. विसर्ग वाढल्याचा निरोप आल्यावर पात्राकडं कुणी जायचं नाही, मोटार बुडाली तर बुडाली. आपल्या घरातल्या कर्त्या माणसाकडून हे पावसाळ्याआधी तोंडावर वदवून घ्या. पाणी आल्यावर तो ऐकत नाही. आणि डीपीजवळ जाऊन फ्यूज काढणं हे वायरमनचं काम आहे. आपण फक्त घरातला मेन स्विच बंद करायचा, तोही कोरड्या पायांनी, पाणी उंबऱ्याला लागायच्या आत.

जनावरांची गोष्ट सोपी आणि जड आहे: त्यांना बांधून जाऊ नका. म्हैस पोहते, बैल पोहतो, दावणीला बांधलेलं जनावर जागेवर मरतं. वेळ असेल तर गाभण आणि वासरं आधी, मग बाकीची, वरच्या माळावर न्या, सोबत दोन दिवसांचा कडबा. वेळ नसेल तर दावी सोडा, गोठ्याचं दार उघडं टाका आणि निघा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा, जनावर सबंध दिसेल असा फोटो आधीच काढून ठेवा. जनावर गेलं तर पंचनाम्याला आणि मदतीला तो लागतो. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत दुभत्या म्हशी-गाईमागं 37,500 रुपये आहेत, आणि कागद नसला की तेही अडतात.

वाट आणि छप्पर

निघायची वाट आधी चालून बघा, आणि ती पावसाच्या दिवशी बघा. मे महिन्यात गाडी सुसाट जाते त्याच पाणंद रस्त्यावर ऑगस्टमध्ये काळ्या मातीचा राडा होतो, ट्रॅक्टरचं चाकही जागेवर फिरतं. जवळची वाट चिखलाची आणि लांबची मुरुमाची असेल तर लांबचीच धरा.

पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, परत फिरा. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं. फूटभर पाण्यात लहान कार तरंगायला लागते. वर दिसतं ते पाणी, खालची फरशी उखडली असेल ते दिसत नाही. 28 सप्टेंबर 2021 ला पैनगंगेपलीकडं उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली, माणसं दगावली. एसटीएवढी जड गाडी तिथं टिकली नाही, मोटारसायकलचं काय.

आता माळवदाबद्दल. पाणी आलं की छतावर चढायचं, हे सिमेंटच्या घरांसाठी ठीक आहे. आपल्याकडं अजून धाब्याची, माळवदाची घरं पुष्कळ आहेत. वर पांढऱ्या मातीचा थर, खाली लाकडी तुळया, बाजूला मातीच्या रुंद भिंती. तीन दिवसांच्या झडीत वरची माती पाणी पिऊन कितीतरी जड होते, आणि खाली भिंतीचा पाया पुराच्या पाण्यात विरघळत असतो. अशा घराच्या माळवदावर माणसं चढली की सगळं एकदम बसतं. माळवदाच्या घरात राहत असाल तर तुमची निघायची खूण इतरांपेक्षा खाली ठेवा, पहिल्यांदा तुम्ही निघा. घरमालकाला याचं वाईट वाटलं तरी चालेल.

मुक्काम बहुधा उंचावरच्या जिल्हा परिषद शाळेत किंवा मंगल कार्यालयात होतो. शाळेची किल्ली कुणाकडं असते आणि तो माणूस रात्री कुठं झोपतो, हे विचारून ठेवा. दिवस भरत आलेल्या बाईला शेवटच्या पंधरवड्यात तालुक्याच्या गावी ठेवावं, आशाताई यात मदत करतात. म्हातारी माणसं घर सोडायला तयार होत नाहीत. आमच्या सासूबाई, ज्यांनी ती रेघ मारली, त्याच म्हातारपणी म्हणायला लागल्या, “मी देवापाशी बसते, तुम्ही जा.” मग भाऊजींनी देव्हाऱ्यातले देव परडीत ठेवले, परडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “आई, देव निघाले, चला.” त्या उठल्या.

पाणी उतरल्यावर

घाई इथंही करू नका. उजेडात या. भिजलेली मातीची भिंत पाणी ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाळता वाळता पडते, म्हणून आधी बाहेरून फिरून भिंत फुगली आहे का, तडा आहे का बघा. मग काठीनं दार ढकला, काठीनंच सामान हलवा. कपाटाच्या वर, अंथरुणाच्या घडीत साप बसलेले असतात, तेही पळून आलेले असतात. साप चावला तर मांत्रिकाकडं नेण्यात वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखान्यात न्या. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच लावू नका.

विहिरीचं, बोअरचं पाणी ग्रामपंचायतीनं टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकून तपासेपर्यंत प्यायचं नाही. तोवर टँकरचं, तेही उकळून. पुरात भिजलेलं पीठ, डाळ, तेल सरळ टाका, जीव तुटला तरी.

चिखल काढायच्या आधी फोटो काढा: प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा, शेताचा, खरडून गेलेल्या बांधाचा. साफसफाई झाली की पुरावा गेला. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला येतात तेव्हा स्वतः हजर राहा, काय लिहिलं ते वाचून घ्या, गट नंबर आणि क्षेत्र तपासा, मगच सही करा आणि सही केलेल्या कागदाचा तिथंच फोटो घ्या. भाड्यानं राहत असाल तर घर मालकाचं असलं तरी आत भिजलेला संसार तुमचा आहे, तो वेगळा लिहायला सांगा. वाहून गेलेल्या जनावराची खबर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि तलाठ्याकडं लेखी द्या, आणि त्या अर्जावर पोचीचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.